एका जागेसाठी दोन सेंटर

आमच्या मैदानावरच्या साहित्याच्या खोलीचं दार बुटकं आहे. माझी उंची पाच फूट एक इंच असल्यामुळे मला त्याचा कधी त्रास झाला नाही. पण मुलींच्या बास्केटबॉल संघात दोघी अशा होत्या, की त्यांना त्या दारातून वाकूनच आत जावं लागे. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात खेळ शिकवते. एका कॉलेजच्या संघात अशी एक मुलगी मिळाली तरी नशीब समजतात, आणि माझ्याकडे एकाच वेळी दोन होत्या. दोघी सेंटर. म्हणजे बास्केटखाली उभं राहायचं, हुकलेला चेंडू उडी मारून ताब्यात घ्यायचा, समोरचीचा अडवायचा आणि गर्दीत कोपर खाऊनही आपला आत टाकायचा.

एक देवळीची. घरी कापूस-सोयाबीनची शेती, गावात वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. शाळेपासून खेळत आलेली. अंगानं दणकट, रागानं त्याहून दणकट. तिच्या हद्दीत उडालेला चेंडू सहसा दुसरीला मिळत नसे. पण पास तिच्या हातातून सुटायचा, आणि सुटला की ती समोरच्या मुलीवर चिडायची.

दुसरी सेलूच्या पलीकडच्या गावातली, गोंड कुटुंबातली. ती वर्ध्याच्या होस्टेलला आली तेव्हा तिनं बास्केटबॉल फक्त मोबाइलवर पाहिला होता. हडकुळी, धावायला आळशी, धक्का बसला की मागे सरकणारी. पण हात असे, की पास कसाही टाका, उंच, तिरका, उसळून आलेला, तो तिच्या तळव्यात जाऊन गप्प बसे. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं.

दोघींचे बूट पुरुषांच्या मापाचे. वर्ध्यात मिळत नसत, म्हणून मी नागपूरहून आणायची.

त्या वर्षी मुलींसाठी एक नवी व्यावसायिक लीग सुरू व्हायची होती. संघ ड्राफ्टमधून बनणार होते. ड्राफ्ट म्हणजे गल्लीत पोरं संघ पाडतात तसंच, एक तू घे, एक मी घेतो. फरक एवढाच, की इथे जिला घेतली तिला खेळण्याचा पगार मिळणार होता. त्यांचा नियम होता की एका प्रशिक्षकानं एका जागेसाठी एकच नाव द्यायचं. निवड करणारे एक गृहस्थ पुण्याहून येणार, उंची-वजन घेणार, खेळ पाहणार आणि मग मला विचारणार, दोघींपैकी कोण?

मी दोघींना समोर बसवून हे सांगून टाकलं. लपवून काय होणार होतं? देवळीची म्हणाली, "म्हंजे आमच्यातली एकच जाईन?"

"एकच."

"मंग थे उंच हाये, तिलेच घेतीन," असं म्हणून ती बुटाची नाडी बांधायला लागली. सेलूकडची म्हणाली, "उंच तं नारळाचं झाडबी राह्यते. त्याले कोणी पगार देते का?"

आमच्याकडच्या नोंदीप्रमाणे सेलूकडची सहा फूट आणि देवळीची पाच फूट दहा. सेंटर निवडताना दोन इंच ही मोठी गोष्ट आहे. ताकद वाढवता येते, वेग वाढवता येतो, एकोणिसाव्या वर्षी उंची वाढवता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी माझ्या मनातला काटा सेलूकडे झुकला होता.

मग मी दोघींची पोहोच मोजली. भिंतीला टेकून उभं राहायचं, हात वर करायचा आणि बोटांना लावलेल्या खडूची खूण भिंतीवर उमटवायची. दोघींच्या खुणा शेजारी शेजारी आल्या, जवळजवळ एका रेषेत. देवळीचीचे हात लांब असतील म्हणून हातही मोजले, तर तेही सारखेच निघाले. मी त्या दोन खुणांकडे पाहत राहिले आणि मग मला ते दार आठवलं. पाच फूट दहा इंचाच्या मुलीला त्या दारात वाकायची गरज नाही. ही मात्र रोज वाकत होती.

"इकडे ये," मी म्हटलं. "भिंतीला टेक. टाचा लाव. आता सरळ उभी राह्य."

"सरळच हावो, मॅडम."

"गुडघे?"

ती हसायला लागली. सेलूकडची जमिनीवर बसून आधीपासूनच हसत होती. तिला हे माहीत होतं.

"मॅडम, हिची आई हिले शिकवते," ती म्हणाली. "श्वास सोडाचा, मान खाली घ्याची, गुडघे सैल सोडाचे. सलवार ढगळ राह्यते, दिसत नाई. मीबी शिकून राह्यली होती, बसमधी डोकं टपाले लागू नाई म्हून."

देवळीचीच्या लग्नाचं पाहणं सुरू होतं. मुलगा सेवाग्रामला नोकरीला, पाच फूट नऊ इंच. तिच्या बायोडेटात पाच फूट आठ लिहिलं होतं. पाहुणे आले तेव्हा तिला आधीच सतरंजीवर बसवून ठेवलं होतं आणि पोहे काकूनं वाटले होते. बसलेल्या मुलीची उंची कोणाला कळते? पत्रिका जुळली होती, बोलणी पुढे सरकत होती. नववीत असल्यापासून कोणी मोजायला आलं की ही अशीच गुडघ्यांत खाली जाते. कॉलेजच्या नोंदीसाठी मी स्वतः तिला मोजलं होतं. माझ्यासमोरही ती सवयीनं दोन-अडीच इंच खाली गेली होती.

"तुह्या बाबाले माहीत हाये?"

"बाबा दुकानात राह्यते."

मी तिला उपदेश केला नाही. लग्न करावं की खेळावं हे ठरवणं माझं काम नाही, आणि त्या मुलाबद्दल मला काही वाईट ठाऊक नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "मोजाले बाहेरचा माणूस येणार हाये. मी तुह्याकडून काही बोलणार नाई. पण पाच दहा निघालं तर तुह्या नावाचा विचारच होणार नाई. सहा निघालं तर दोघींची बरोबरीनं तुलना होईल. अन् उंची सगळ्यांसमोर पुकारतीन. तुह्यं तू पाह्य."

निवडीच्या दिवशी तिचे वडील दुकान बंद करून आले होते. ते तिच्या प्रत्येक मोठ्या सामन्याला येत. पुण्याच्या गृहस्थांनी उंची मोजायचा दांडा उभा केला. आधी सेलूकडची गेली. सहा फूट. त्यांनी तिचे हात पाहिले आणि कौतुकानं म्हणाले, "लहानपणी झाडांवर चढायचीस वाटतं? जंगलातल्या मुलांचे हात असेच असतात."

"नाई सर," ती म्हणाली. "आमच्या घरी झाडावर बकरी सोडून कोणी चढत नाई."

मग देवळीची आली. दांड्याला पाठ लावली. तिचे गुडघे मला स्पष्ट दिसत होते, कारण त्या दिवशी तिनं हाफ पँट घातली होती. गुडघे आधी सैल झाले. तिनं बाकावर बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. मग गुडघे मागे गेले, पाठ लांबली, मान वर आली. एखादी घडी उलगडावी तशी ती उलगडत गेली.

"सहा फूट, अर्धा इंच!"

वडील बाकावरून उठले. "हे माह्यीच पोरगी मोजली ना?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. ते पुन्हा बसले आणि स्वतःशीच म्हणाले, "दिवसभर लोकायले पाइप मोजून देतो मी. घरातली पोरगी मोजली नाई."

मग खेळ झाला. देवळीची त्या दिवशी फार चांगली खेळली. बास्केटखालून तिनं सेलूकडचीला दोनदा सरळ बाहेर ढकललं. चेंडू तिच्याकडेच जास्त आले. पण चार पास तिच्या हातातून निसटले, त्यातले दोन अगदी सोपे होते. सेलूकडचीनं एकही सोडला नाही. आणि एकदा देवळीचीनं मारलेला चेंडू तिनं उडी न मारता, नुसता हात वर करून योग्य क्षणी अडवला.

पुण्याच्या गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, मला तर ही दणकट मुलगी आवडतेय. अर्धा इंच उंचही आहे. तुम्ही सांगा."

मी सेलूकडचीचं नाव सांगितलं. देवळीची बरीच वर्षं खेळून इथवर आली होती, सेलूकडची तीन वर्षांत आली होती. ताकद व्यायामशाळेत मिळेल. पण चेंडू हातात यायच्या आधी हातांना तो कळणं, हे तिच्याकडे होतं आणि दुसरीकडे अजून नव्हतं. एकच नाव द्यायचं असेल तर हेच. त्यांनी नाव लिहून घेतलं.

देवळीचीला मी तिथेच, पाण्याच्या टाकीपाशी सांगितलं. घरी जाऊन दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा ते बरं. ती तोंड धूत होती. तिनं नळ बंद केला.

"मंग मी सरळ काऊन उभी राह्यली?"

मी तिला टॉवेल दिला. "पास सुटले," एवढंच म्हणाले. "चार."

"माहीत हाये मले किती सुटले थे."

वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसून ती गेली. मागे बसूनही ती त्यांच्यापेक्षा वीतभर उंच दिसत होती.

तिची उंची आठवडाभरात सेवाग्रामला पोचली. मध्यस्थाकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर आधीच जुळली होती. मधल्या काळात ग्रह हलले असावेत.

दुसऱ्या दिवशी तिची आई मैदानावर आली. साहित्याच्या खोलीच्या पायरीवर बसली आणि मी जवळ जाताच सुरू झाली. "मॅडम, तुम्ही पोट्टीले सरळ उभी केली. आता लग्नबी नाई अन् लीगबी नाई. तुमचं काय गेलं?"

"माझं काही गेलं नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. "पण बाई, लग्नानंतर तरी कळलंच असतं ना. जन्मभर का ती बसून राहणार होती?"

"लेकरं झाल्यावर कोण मोजते?" त्या म्हणाल्या. मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, पण त्यांनी ते पदरात पुसलं. मग आवाज खाली आला. "मले सासरी शिडी म्हणत. माळ्यावरचं काही काहाडाचं असलं का, शिडीले बोलवा. नणंदा म्हणे, देर म्हणे, घरात येणारा गडीबी म्हणे. मी म्हटलं, पोट्टीले तरी कोणी नाई म्हटलं पाह्यजे."

मी त्यांना चहा पाजला. जायला निघाल्या तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि प्रथमच माझ्या लक्षात आलं, की ही बाई स्वतः चांगली साडेपाच-पावणेसहा फूट असेल. इतकी वर्षं सामन्यांना येत होती, पण खांदे पाडून, कोणाच्या तरी मागे. मी तिलाही कधी पाहिलं नव्हतं.

ड्राफ्ट आम्ही साहित्याच्या खोलीत मोबाइलवर पाहिला. देवळीची आली नव्हती. पहिल्या फेरीत सेलूकडचीचं नाव आलं नाही, दुसऱ्या फेरीतही नाही. ती म्हणाली, "मॅडम, मी मेसचं जेवण संपाच्या आत जाऊ का?" तिसऱ्या फेरीत नाव आलं. पुकारणाऱ्यानं आडनाव चुकीचं घेतलं, म्हणून आम्हाला कळायला जरा उशीर झाला. मग मुलींनी तिला उचलायचा प्रयत्न केला, पण तिचे पाय जमिनीवरच राहिले.

संघाच्या कॅम्पला जायला तिच्याकडे महिना होता, आणि अडचण अशी, की तिच्यासमोर सरावाला उभं करायला उंच मुलगी नव्हती. कॅम्पमध्ये तिला सहा-सहा फुटांच्या बाया ढकलणार. मी देवळीला फोन करायचं ठरवत होते. फोन करावा लागला नाही. सकाळी देवळीची मैदानावर हजर होती, बूट बांधून.

"हिले कोण मारणार मॅडम, तुम्ही?" तिनं विचारलं.

महिनाभर तिनं सेलूकडचीला बास्केटखाली अक्षरशः बडवलं. "अवं हळू ना! मले कॅम्पले जाचं हाये, दवाखान्यात नाई."

"थ्या तुले हळू मारतीन का तिकडे? उभी राह्य, मागं सरकू नको."

सेलूकडची सरकायची बंद झाली. हे श्रेय माझं नाही. जायच्या दिवशी तिनं आपले जुने बूट देवळीचीला दिले. देवळीचीनं ते वास घेऊन परत केले.

दुसऱ्या सकाळी देवळीची एकटीच आली. पुढच्या वर्षी पुन्हा ड्राफ्ट होता आणि पुन्हा एकच नाव द्यायचं होतं. तिनं मला विचारलं, "आता माह्यासमोर कोण?"

उंच कोणीच उरलं नव्हतं. मी बाकावर चढले आणि हातात झाडू घेऊन तो वर धरला, म्हणजे तिला कोणाच्या तरी हातावरून चेंडू मारावा लागेल. पास टाकायला एक लहान चणीची मुलगी उभी केली. पहिला पास तिच्या हातातून सुटला आणि तिनं पास देणारीकडे डोळे वटारले.

"आधी झेल," मी बाकावरून म्हणाले. "मग चिड."

आठवड्याभरात कळलं की झाडू आखूड पडतो. तिची उडी त्याच्या वरून जाते. तिनं घरी सांगितलं असावं. वडिलांनी दुकानातून एक पांढरा प्लास्टिकचा पाइप पाठवला, टोकाला स्पंज बांधलेला. आता मी तो धरते. तो तिच्या मापानं मोजून कापलेला आहे.