रोजचं औषध आणि माझं पोरगं

पोरगं दीड वर्षाचं झालं तरी चालेना, आणि माझा जीव टांगणीला लागला. दिवसभर मी त्याची परीक्षाच घ्यायची. टाळी वाजवली की बघतंय का? चमचा धरतंय का? हाक मारली तर वळतंय का? वळलं की घटकाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. माझा मलाच वीट आला होता.

कुपवाडच्या कारखान्यात असताना माझी पाठ धरली, दुखण्यावर अफूच्या जातीची इंजेक्शनं सुरू झाली आणि पुढं ती सुटेचनात. त्यातून मला बाहेर काढलं ते मेथाडोननं, त्या सुईच्या बदल्यात देतात त्या औषधानं. सांगलीत व्यसनमुक्ती केंद्रावर जाऊन रोज नर्ससमोर ते पातळ औषध प्यायचं. दिवस गेले तेव्हा मी ते सोडायला निघाले, तर डॉक्टरच खेकसले, "मनानं बंद केलंस तर बाळ हातचं जाईल." म्हणून चालू ठेवलं. बाळ जन्मलं ते थरथरत, किंचाळत; पोटात असताना त्यालाही त्या औषधाची सवय लागली होती. दवाखान्यात ठेवून, थेंब थेंब औषध देऊन त्याला हळूहळू शांत केलं.

आता चालत नाही म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, "थोडं मागं आहे. पण औषधामुळंच, असं छातीठोक सांगता येत नाही. त्याच्याशी खेळा, बोला, व्यायाम करून घ्या." सांगता येत नाही! अहो, मग मी कुणाला विचारू?

सासूबाईंना मात्र सगळं छातीठोक माहीत होतं. त्या जतकडच्या, तोंडानं फटकळ. एक दिवस मी पोराला काखेत घेऊन केंद्रावर निघाले, तर दारात आडव्या आल्या.

"सोड ते औषध. पोराचं वाटोळं केलंस की गं! न्हाईतर ह्याला मी गावाकडं नेते."

माझं टाळकंच सरकलं. "न्या की! औषध सोडलं तर मी परत त्या सुईकडं जाईन. मग पोरगं कुठलं नि मी कुठली? आवं आई, कुणी हौसेनं आपल्या पोराला असलं देतं का?"

मला वाटलं, आता शिव्या येणार. पण त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या.

"म्या दिलं," त्या म्हणाल्या. "तुज्या नवऱ्याला. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची मी. झाडाखाली पोरगं रडलं की मुकादम वरडायचा. मग एका म्हातारीकडनं अफू आणायची न् दुधातनं चाटवायची. दिवसभर निपचित पडायचं. दोन वर्सं उभं ऱ्हायलं न्हाई. कुणाला बोलले न्हाई मी. आजून त्यो काय इसरला, की काळजात धस्स हुतं."

माझा नवरा चांगला बाप्या गडी, लेथवर काम करतो. आणि या अजून भितात!

"आई," मी विचारलं, "ही धाकधूक कवा जाती वं?"

"न्हाई जात," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हात पुढं केले. "आण हिकडं त्याला. जा तू, औषध घेऊन ये."