तांदळाच्या डब्यातला बाळ येशू

आधीच स्पष्ट सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. माझे वडील ओझरच्या कारखान्यात कामाला आणि सुट्टीच्या दिवशी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटणारे. मी अक्षरं शिकले तीच मुळी त्या पत्रकांवरून. माझं नावही त्यांनी क्रांती ठेवलं. आमच्यात देव मानणारी एकच... आईची बहीण, लूसीमावशी.

गोष्ट १९९८ सालची. मावशी-काका नाशिकला शरणपूर रोडला राहायचे. लग्नाला सोळा वर्षं होऊन मूल नाही. शेवटी एका संस्थेतून चार महिन्यांची रोझी घरी आली. पण तेव्हा ख्रिश्चनांना कायद्याने दत्तक घेताच येत नसे. कोर्ट फक्त 'पालक' नेमायचं. (यावर मी एक जळजळीत पत्रक लिहिलं होतं. वाचलं फक्त वडिलांनी, तेही शुद्धलेखन तपासायला.) त्यात संस्थेचा एक कागद गहाळ झाला. मंगळवारच्या तारखेला तो कोर्टात आला नाही, तर रोझी परत संस्थेत.

मावशीने संत अंतोनीला धरलं. हरवलेलं शोधून देणारा संत म्हणे हा. तिच्या अल्तारावर, म्हणजे घरच्या देव्हाऱ्यात, त्याचा लाकडी पुतळा होता, आणि त्याच्या हातात खुंटीवर बसवलेला बोटभर बाळ येशू. मावशीने तो सरळ उपसून काढला आणि तांदळाच्या डब्यात पुरला.

"अगं, हे किडनॅपिंग झालं," काका म्हणाले.

"मग त्याने पोलिसात जावं! माझं बाळ नक्की झालं की त्याचं बाळ परत. सोळा वर्षं माझे हात रिकामे होते, आठवडाभर त्यालाही कळू दे."

माझं डोकंच फिरलं. रविवारी ती चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गेल्यावर मी डब्यातून बाळ येशू काढला, रुमालात दोन गाठी मारून बांधला, ओझरला नेला आणि माझ्या ट्रंकेत, पत्रकांच्या गठ्ठ्याखाली कुलपात ठेवला. ओलीसच हातात नाही म्हटल्यावर संत कशाला काम करेल? तरीही कागद आला, तर अंतोनीचा काही संबंध नाही हे सिद्ध! ट्रंकेची किल्ली माझ्याच गळ्यात होती.

मंगळवारी अकरा वाजले तरी कागद नाही. कोर्टाच्या बाकावर मावशी जपमाळ ओढत होती आणि रोझी माझं बोट घट्ट धरून झोपली होती. माझा प्रयोग तिला भोवला तर?... तत्त्वनिष्ठ माणसाला असा घाम फुटू नये, पण फुटला.

साडेअकराला काका धापा टाकत आले. "सापडला! दुसऱ्याच रोझीच्या फायलीत होता!"

कोर्टाने होकार दिला. घरी येताच मावशीने तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. आता कबूल करायलाच हवं होतं.

"मावशी, थांब. मला काहीतरी सांगायचंय..."

तिचा हात बाहेर आला. हातात बाळ येशू! दुसरा असेल म्हणावं, तर टाचेचा टवका उडाला होता तिथे मावशीनेच लावलेलं लाल नेलपॉलिश तसंच होतं.

"काय सांगत होतीस क्रांते?"

"काही नाही... तांदूळ निवडू का?"

ओझरला आल्याआल्या ट्रंक उघडली. कुलूप शाबूत. पत्रकं शाबूत. रुमालाच्या दोन्ही गाठी शाबूत. रुमाल चाचपून पाहिला, तर आत काहीच नाही.

आज रोझी सहा वर्षांची आहे आणि मी अजूनही पत्रकं वाटते. मावशीला यातलं काही माहीत नाही. सांगायचं तर आधी चोरी कबूल करावी लागेल. स्पष्टीकरण मला आजही सापडलेलं नाही. तो रुमाल मात्र मी ठेवलाय. गाठी सोडलेल्या नाहीत. लोकांना सांगायला, पुरावा जपून ठेवलाय म्हणून... खरं म्हणजे, सोडायची हिंमत होत नाही.