घरचा गडगा आणि कासमभाईंचं कॉर्नवॉल

आदरणीय कासमभाई मुकादम यांची आणि माझी पहिली भेट दोह्यातल्या आमच्या ऑफिसच्या पँट्रीत झाली, आणि त्या भेटीत त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. मी नुकतीच कागदपत्रांच्या विभागात रुजू झाले होते. डब्यात नाताळच्या उरलेल्या करंज्या होत्या. उन्हानं रापलेले एक उंच, सडपातळ गृहस्थ चहाचा कप घेऊन शेजारी उभे राहिले, माझ्या डब्यात वाकून पाहिलं आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "मुरड बाजूला आहे. छान. वर असती तर आपलं जमलं नसतं."

मी वसईची. अनोळखी माणसानं डब्यात डोकावलेलं आमच्याकडे खपत नाही. मी विचारलं, "आपण कोण?" तर म्हणाले, "मी कासम. सर्वेअर. गाव गुहागरकडे. पण तो विषय वेगळा." मग त्यांनी मला सांगितलं की इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, समुद्रात घुसलेला कॉर्नवॉल नावाचा मुलूख आहे. तिथे पूर्वी कथलाच्या खाणी होत्या. खाणीत उतरणारा कामगार दुपारच्या जेवणाला मांस-बटाट्याची एक दांडगी करंजी नेत असे. तिला म्हणतात पेस्टी. अस्सल पेस्टीची मुरड बाजूला असते. नदीपलीकडच्या डेव्हन परगण्यातले लोक ती वर घालतात आणि म्हणून ते विश्वासाला पात्र नाहीत. हे सगळं ऐकेपर्यंत माझा चहा निवला आणि डब्यात एकच करंजी उरली. बाकीच्या त्यांनी अभ्यासासाठी घेतल्या होत्या.

हे वेड त्यांना लावलं ट्रेव्हरसाहेबांनी. कासमभाई तरुणपणी कतारला आले तेव्हा त्यांच्या सर्वे पार्टीचे प्रमुख हे कॉर्नवॉलचे म्हातारे गृहस्थ होते. वाळवंटात दुर्बिणीमागे दिवस काढताना साहेबांना घरची आठवण यायची आणि ते बोलत सुटायचे: एके काळी खाणीतलं पाणी उपसणाऱ्या कड्यावरच्या पडक्या इंजिनघरांबद्दल, खाणीच्या पाण्यानं लाल झालेल्या ओढ्यांबद्दल, उंच कड्यावर उभं राहून माशांचा थवा दिसला की खालच्या होड्यांना ओरडून सांगणाऱ्या माणसाबद्दल. कासमभाईंनाही घरची आठवण यायची. पण ते हाताखालचे. साहेबासमोर स्वतःच्या गावाचं रडगाणं गाणं बरं दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी साहेबांच्याच गावाची आठवण काढायला सुरुवात केली, असं ते हसत सांगतात. साहेब निवृत्त होऊन गेले ते पुस्तकांचा एक खोका कासमभाईंना देऊन. तेव्हापासून कतारमधला कॉर्नवॉलचा एकमेव जाणकार हा कोकणी मुसलमान आहे, आणि तिथल्या मातीवर गेल्या वर्षापर्यंत त्यानं पाऊल ठेवलेलं नव्हतं ही गोष्ट आमच्या मंडळात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

मंडळ म्हणजे आमचं शुक्रवार मंडळ. दर शुक्रवारी सकाळी, नमाजाच्या आधी, अल हिलालमधल्या त्यांच्या घरी आम्ही जमतो. रत्नागिरीची, रायगडची, वसईची माणसं. खरं सांगायचं तर आमच्यापैकी एकालाही कॉर्नवॉलशी काही घेणंदेणं नव्हतं. आम्ही जात होतो जुबेदाभाभींच्या घावण्यांसाठी. पण घावणे ऊनऊन यायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात कासमभाई कॉर्नवॉल उरकून घेत. असं करता करता आम्हाला सगळ्यांना, नको असताना, कॉर्नवॉल पाठ झालं. माझी मुलगी घरी मराठीला इंग्रजीत उत्तर देते, पण कॉर्निश भाषेत 'नमस्कार' कसा म्हणतात हे तिला येतं. याचं श्रेय कुणाला द्यावं की कुणाकडे तक्रार करावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांची सर्वांत गाजलेली सभा एशियन टाउनमध्ये झाली. बिरकत अल अवामेरच्या कामगार-कॅम्पमधली आपल्याकडची पोरं सुट्टीला तिथे येतात. कासमभाईंनी त्यांना बिर्याणीच्या बोलीवर चहाच्या दुकानाबाहेर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली की खाणी बंद पडल्या तेव्हा कॉर्नवॉलचे लोक पोटासाठी जगभर पांगले, आणि परमुलखातल्या मुकादमानं अजून एक माणूस हवा म्हटलं की प्रत्येक जण म्हणे, "माझा चुलतभाऊ जॅक आहे ना गावी, बोलावू का?" इथे टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरं एकमेकांना ढोसत हसायला लागली, कारण त्यांतली निम्मी कासमभाईंचे चुलतभाऊ म्हणूनच कतारला लागली होती. मागून एकानं विचारलं, "चाचा, थय व्हिसा गावतो काय?"

या चुलतभावांत माझा सख्खा भाऊ डॉमनिक याचाही समावेश आहे. वसईतली त्याची नोकरी गेली तेव्हा घरात चूल धड पेटत नव्हती. मी कासमभाईंना फक्त सांगितलं, मागितलं काही नव्हतं. आठवड्यात ते त्याचे कागद घेऊन मॅनेजरसमोर उभे. मॅनेजर म्हणाले, "मिस्टर कासम, पुन्हा चुलतभाऊ? आणि याचं नाव डॉमनिक?" कासमभाई पापणीही न हलवता म्हणाले, "आईकडून, सर." डॉमनिक आज त्याच कंपनीत फोरमन आहे. दर ईदला तो त्यांच्या घरी जातो आणि जुबेदाभाभी त्याला नात्यातला म्हणूनच वाढतात.

कॉर्नवॉलनं त्यांना आणखी एक खोड लावली. तिथे खाणींनी किती ओढे नासवले हे वाचून त्यांनी मनाशी काही ठरवलं असावं. एका साइटवर आखणी चालू असताना त्यांना वाळूत चंडोलाचं घरटं दिसलं, आत अंडी. तिथे तात्पुरतं ऑफिस उभं राहणार होतं. कासमभाईंनी खुंट्या उपटल्या, ऑफिस पलीकडे सरकवलं आणि नकाशावर कारण लिहिलं: 'जमिनीखाली अडथळा'. इंजिनिअरांनी अडथळा कसला ते विचारलं. "नाजूक आहे, सर," एवढंच उत्तर मिळालं. पिल्लं उडून जाईपर्यंत त्या बाजूला कुणी पाय ठेवला नाही.

पण त्यांचं खरं प्रेम कॉर्नवॉलच्या कुंपणांवर. दोन्ही बाजूंनी दगडाच्या आत झुकलेल्या भिंती, मध्ये ठासून माती, वर गवत आणि झुडपं. काही कुंपणं म्हणे इतकी जुनी की ती कुणी घातली हे कुणालाच ठाऊक नाही. त्यांत साळुंकीएवढ्या पाखरापासून गोगलगाईपर्यंत सगळे भाडं न देता राहतात. "म्हणजे आपला कोकणातला दगडी गडगाच की," असं एकदा मी म्हटलं. "छे छे, फरक आहे," कासमभाई म्हणाले. काय फरक ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि तेवढ्यात घावणे आले.

मग त्यांची कन्या सायरा नर्स होऊन इंग्लंडला गेली. नेमकी डेव्हनमध्ये! मुरड वर घालणाऱ्यांत! ही बातमी कासमभाईंनी आम्हाला धीरोदात्तपणे सांगितली. गेल्या वर्षी तिनं वडिलांसाठी व्हिसा आणि तिकीट पाठवलं आणि आम्ही आपसांत कुजबुजायला लागलो. एवढी वर्षं जे मनात उभं केलं, ते प्रत्यक्षात तसं नसलं तर? माणूस मोडून परत येईल. विमानतळावर आम्ही त्यांना असा निरोप दिला की कुणाला वाटावं ऑपरेशनला चालले आहेत.

ते ठरल्या दिवशी परत आलेच नाहीत. लंडनहून येताना त्यांनी दोह्यात फक्त विमान बदललं आणि थेट गावी गेले. भाभींनी रांधलेलं जेवण आम्ही, जड मनानं, संपवलं. परतल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी ते आमच्यासमोर बसले आणि म्हणाले, "सगळं अगदी मी सांगितलं तसंच निघालं. इंजिनघर, कडा, मुरड, सगळं. तिथे माझी एकच गोष्ट चुकली."

झालं होतं असं. सायरा त्यांना एका गावाबाहेर घेऊन गेली. तिथे एक बाई शेताच्या कुंपणाचा ढासळलेला भाग रचत होती. कासमभाईंनी तिला कॉर्निश कुंपणावर अर्धा तास व्याख्यान दिलं. बाई गुणी, शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिनं हातातला दगड फिरवत साधा प्रश्न केला: "आणि तुमच्याकडे कसं रचतात?"

कासमभाई सांगायला गेले आणि पहिल्याच दगडाशी अडले. गडग्यात माती घालतात की नाही, तळाला काय, वर काय, काहीच आठवेना. ज्या गडग्यावर चढून लहानपणी त्यांनी शेजारचे आंबे पाडले, जो त्यांच्या वडिलांनी हातानं रचला, त्याची एक ओळ सांगता येईना. शेवटी त्यांनी तिथूनच थोरल्या भावाला, उस्मानभाईंना, व्हिडिओ कॉल लावला.

"भाय, आपल्या गडग्यात माती घालतात काय?"

उस्मानभाई कडाडले. "इतक्या वरसांत पयल्यांदा गडग्याचा इचार आला तुला, तो पण विलायतेत जाऊन? माती कशाला घालायची? पावसात माती फुगते नि गडगा पोट काढतो. दगडावर दगड, सांध्यात चिपा. नि आता इचारून काय फायदा? सोमवारी जेसीबी येतोय."

"जेसीबी कशाला?"

"गडगा पाडायला. सिमेंटची भिंत घालायचीय. ग्रुपवर टाकलं होतं मी, तूच अंगठा वर केलास!"

आणि ते खरं होतं. फॅमिली ग्रुपवरचा निरोप न वाचता कासमभाईंनी संमतीचा अंगठा टाकला होता. परदेशातल्या कुंपणांसाठी हळहळणाऱ्या माणसानं वडिलांच्या गडग्याला स्वतःच निकालात काढलं होतं. ते ओरडले, "थांबव, भाय!" उस्मानभाई म्हणाले, "थांबवतो. पण दर पावसाळ्यानंतर पडलेले दगड परत लावणार कोण? इतकी वरसं मीच लावलेत. तुला कधी सांगितलं नाय, तू लांब होतास. आता माझे गुडघे गेले, कासम."

कासमभाई हे सांगत असताना भाभींनी घावणे आणून ठेवले. आम्ही घावण्यांकडे पाहिलं नाही. गडगा आपोआप उभा राहतो असंच कासमभाईंना वाटत आलं होतं. आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी असा कुणीतरी दगड लावणारा आहे आणि आपण त्याला कधी विचारलेलं नाही, हे त्या सकाळी आम्हाला कळलं. मी घरी जाऊन आधी वसईला थोरल्या बहिणीला फोन केला.

त्या शेतात कासमभाई फोनमध्ये एवढंच म्हणाले, "मी लावीन." उस्मानभाई इतके खदखदून हसले की कुंपणापलीकडच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. म्हणाले, "साठीला कायमचा येतंस? येतंस तर गडगा ठेवतो. नाय आलास तर जेसीबी." ती कुंपणवाली बाई सगळा वेळ दगड हातात धरून उभी होती. तिनं विचारलं, "थोरला भाऊ?" कासमभाईंनी मान डोलावली. "मलाही आहे," ती म्हणाली आणि कामाला लागली.

आता साठी आली आहे. कंपनीनं मुदत वाढवून देऊ केली. इथे ती मिळावी म्हणून माणसं नवस बोलतात. सायरानं इंग्लंडला बोलावलं, घर तर कॉर्नवॉलच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर. आम्ही सगळ्यांनी मिळून गळ घातली. कासमभाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: "खलास. भायला शब्द दिलाय."

तेव्हापासून शुक्रवारी व्याख्यान बंद आणि अंगणात दगड रचणं सुरू. साइटवरचे टाकाऊ दगड डॉमनिकनं आणून दिले. फोन खिडकीत टेकवून ठेवायचा, आणि त्यातून उस्मानभाईंनी खाटेवर बसून आम्हाला शिव्या घालायच्या. "पोट काढलान, पोट काढलान! पाडा तो!" आम्ही पाडायचो. नाही पाडला तर तो स्वतः पडायचा. एकदा माझ्या पायावर. कॉर्नवॉलचा जाणकार हातात दगडाची चिप घेऊन शाळकरी पोरासारखा फोनसमोर उभा राहतो आणि "भाय, ही बसंल काय?" असं विचारतो, हे दृश्य ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी कासमभाई पाहिलेच नाहीत. मागच्या शुक्रवारी उस्मानभाईंनी आमचा कंबरेएवढा गडगा बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "चालंल." कासमभाईंचा चेहरा तेव्हा जसा फुलला, तसा कॉर्नवॉलच्या नावानंही कधी फुललेला मी पाहिला नाही.

पुढच्या महिन्यात ते जातील. अल हिलालमधली शुक्रवारची सकाळ ओकीबोकी होईल, आणि आम्हाला त्यांची फार फार आठवण येईल. घावण्यांचीही येईल, पण हे भाभींना कळू नये.

गौरवलेखाच्या शेवटी शतायुष्य चिंतावं अशी रीत आहे, आणि कासमभाईंना ते इन्शाल्ला लाभेलच. ज्याला जगभर इतके चुलतभाऊ आहेत त्याला दुवा कमी पडणार नाहीत. पण गावाला पाऊस दर वर्षी येणार, दर वर्षी चार दगड निसटणार आणि ते लावायला दर वर्षी खाली बसावं लागणार. म्हणून आम्हा शुक्रवार मंडळींचं त्या परवरदिगाराकडे आणि माझं माझ्या वेलंकणी मातेकडे या साठीनिमित्त एकच मागणं आहे: कासमभाईंचे गुडघे शाबूत राहोत.