पाणकोंबडी क्रमांक सात

मुलांनो, सायखेड्याच्या पुढच्या पक्षी अभयारण्याला इंटरनेटवर जी प्रसिद्धी मिळाली, तिच्यात पक्ष्यांचा काडीचाही वाटा नव्हता.

तुम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतात. दसरा झाला आणि तुमच्या आईचा अमेरिकेहून फोन आला, "आई, या डिसेंबरला नाशिकचं काही जमत नाही. मुलांना इथलं नॅशनल पार्क बघायचंय. रोज इंटरनेटवर अस्वलं बघतात."

"आमच्याकडे पक्षी आहेत!"

"असतील गं. पण ते इंटरनेटवर कुठे आहेत?"

झालं! तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला असं डिवचायचं नसतं. नातवंडं अस्वलांच्या हवाली करायची माझी मुळीच तयारी नव्हती.

पुढच्याच रविवारी आबांना कॅमेऱ्यासकट एसटीत बसवलं. ते फोटो काढणार, मी वहीत क्रमांक घालून पक्ष्याचं नाव लिहिणार. (शिस्त म्हणजे शिस्त!) सहा पक्षी बिनचूक झाले. सातवी जांभळी पाणकोंबडी. ती नीट दिसावी म्हणून मी जरा पुढे सरकले.

"आजी, तिकडं नका जाऊ, लय गाळ हाय!" वाट दाखवणारे शिवरामभाऊ ओरडले.

"मला दिसतोय," असं म्हणत मी गुडघ्यापर्यंत आत गेले. जांभळी साडी, पसरलेले हात आणि अशी आरोळी, की निम्मं तळं उडालं!

"अहो, ओढा मला!"

"थांब, हलू नकोस," आबा म्हणाले. मला वाटलं, धीर देताहेत.

सायबर कॅफेतल्या मनीषाने फोटो स्टुडिओतून करून आणलेली सीडी घेतली आणि वहीतल्या क्रमांकांप्रमाणे फोटो इंटरनेटवरच्या आमच्या पानावर चढवले. प्रत्येकाखाली माझा मजकूर. तिथलं इंटरनेट इतकं संथ, की फोटोंच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी दिसायच्या. मी मजकूर तीनदा तपासला. एकही स्वल्पविराम चुकला नव्हता!

पानाच्या तळाशी भेटींचा आकडा होता. पहिल्या आठवड्यात एकतीस. त्यातल्या एकोणतीस माझ्या. मी हटले नाही. जुन्या विद्यार्थिनींना पत्रं लिहिली, तुमच्या आईला रोज आठवण करून दिली. तिसऱ्या आठवड्यात मनीषा किंचाळली, "काकू, चार हजार!"

"बघा," मी आबांना सुनावलं, "अभ्यासपूर्ण लेखनाची लोकांना अजून कदर आहे."

"असेल, असेल," आबा पेपराआडून म्हणाले. पेपर मात्र हलत होता.

मग फोन. "आई, आम्ही येतोय! अस्वलं रद्द. मुलांना ती सात नंबरची पाणकोंबडी बघायचीय. त्यांच्या अख्ख्या वर्गाने पाहिलीय!"

"फार लाजाळू असते ती. दिसेलच असं नाही."

"अगं, आत्ता तिच्याशीच बोलतेय मी!" आणि पलीकडे नुसता हशा.

मी तडक कॅफेत गेले. पाऊण तास हटून बसले. फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उतरू लागला. आधी आभाळ. मग एक पांढरा अंबाडा. मग माझं उघडं तोंड, दाढांसकट! आणि खाली माझं निर्दोष इंग्रजी: जांभळी पाणकोंबडी. स्वभाव लाजरा. दलदलीत सुखाने वावरते. विणीच्या हंगामात कर्कश ओरडते.

"काकू, काढून टाकू?" मनीषाने ओठ चावत विचारलं.

माझा हात माउसकडे गेला होता. पण अस्वलं आठवली.

"नको," मी म्हणाले. "मुलांची तिकिटं निघू देत."

डिसेंबरमध्ये तुम्ही आलात. हजारो बदकं होती, चमच्यासारख्या चोचीचे पक्षी होते, डोक्यावर ससाणा घिरट्या घालत होता. तुम्ही ढुंकून पाहिलं नाहीत. काठावर उभे राहून एका सुरात म्हणालात, "आजी, आता दाखव ना!"

शिवरामभाऊंनी डोक्याला हात लावला. आबांनी कॅमेरा सरसावला. मी चष्मा तुमच्या आईच्या हातात दिला, जांभळा पदर खोचला आणि गाळात उतरले. या वेळी ओरडले मात्र नाही.

विणीचा हंगाम नव्हता.