बोक्याचा कोट

टेलरमामा तसे मायाळू, पण जबाबदारीचा विषय निघाला की अलगद अंग काढून घ्यायचे. रोज त्यांच्याच शिलाई मशीनखाली घोरणाऱ्या बोक्याबद्दल कुणी विचारलं, तर म्हणायचे, "माझा कुठला? आपला येतो, झोपतो, जातो."

एका सकाळी शेजारचा इस्त्रीवाला त्या बोक्याला काखेत घट्ट आवळून तणतणत दुकानात शिरला. चिखलाच्या पायांनी बोका इस्त्री केलेल्या सगळ्या शर्टांवरून फिरून आला होता.

"मामा, आता हे शर्ट पुन्हा धुणार कोण? बोका तुमचा, तेव्हा त्याचं नुकसानही तुम्हीच निस्तरा."

"बोका माझा नाही," मामांनी हात झटकले.

इस्त्रीवाल्याने बोक्याच्या अंगातल्या लोकरी कोटाची कॉलर उलटी केली. थंडी पडली तेव्हा उरलेल्या कापडातून मामांनीच तो कोट शिवला होता, आणि हाताच्या सवयीने गळ्यापाशी दुकानाचं लेबलही लावून टाकलं होतं.

"मग हे काय आहे?"

मामांनी चष्मा लावला, कोट उलटसुलट करून पाहिला, आणि त्यांचा पारा चढला.

"बगलेत शिवण उसवलीय. माझ्या बोक्याला असं ओढलं कुणी?"