टाकून दिलेली अळंबी

लग्न होऊन तंजावूरला आले, त्या वर्षीची गोष्ट. दिवाळीच्या आधी रात्रभर ढग गडगडले आणि सकाळी फिरायला गेलेले माझे सासरे खांद्यावरच्या पंच्याची झोळी करून परतले... आत टपोरी पांढरी अळंबी!

मी सांगलीची. आमच्याकडे असल्यांना कुत्र्याची छत्री म्हणतात आणि मुलं ती लाथेनं उडवतात. पॅकेटमधली बटन मशरूम तेव्हा दुकानात नुकतीच दिसू लागली होती, पण तीही मी कधी खाल्ली नव्हती.

मामंजी सर्व्हे खात्यातून रिटायर झालेले. घराण्याच्या कितीतरी पिढ्या तंजावुरात गेलेल्या, त्यामुळे त्यांची मराठी जुनी, आणि चाल तमिळची. सासूबाई आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षीच गेल्या... मी त्यांना फोटोतच पाहिलं. तेव्हापासून मामंजींनी जेवणात कधी काही मागितलं नव्हतं म्हणे. पुढ्यात येईल ते खायचं आणि नव्यानं आलेल्या केबलसमोर बसायचं.

त्या दिवशी मात्र चेहरा उजळलेला. "पुत्तुकाळान गे! तुझी सासू मिरीं घालून कोळंबु करायची. आज तूं कर."

पुत्तु म्हणजे वारूळ, काळान म्हणजे अळंबी. कोळंबु म्हणजे तिथली चिंचेची आमटी, हे मला एव्हाना कळलं होतं.

"कुठे मिळाली, मामंजी?"

"कॉलेजच्या ग्राउंडावर. गवतांत."

नाव वारुळाचं आणि उगवली गवतात... माझ्या मनात पाल चुकचुकली. मी बीएस्सी बॉटनी. बुरशीचा धडा बराचसा विसरले होते, पण एक प्रॅक्टिकल पक्कं लक्षात होतं. अळंबीची टोपी कागदावर पालथी... म्हणजे पाकळ्यांची बाजू खाली करून ठेवायची आणि वर वाटी झाकायची. काही तासांनी तिच्या बीजाणूंची भुकटी कागदावर पडते आणि तिचा रंग कळतो. गवतातल्या पांढऱ्या छत्रीची भुकटी हिरवट आली तर ती टाकून, हात धुऊन मोकळं व्हायचं, असं आमच्या मॅडम बजावायच्या. उलट्यांनी माणूस आडवा होतो.

हे सांगितल्यावर मामंजींना राग आला. "एवढीं वर्षं खाल्लीं मी!" पण कुतूहल त्यांनाही होतंच. सर्व्हेतला माणूस... स्वतःच कोरा कागद आणून दिला. मग दिवसभर दर थोड्या वेळानं येऊन वाटी उचलून बघायचे आणि मी ओरडायचे. सुनेनं सासऱ्यावर ओरडायची ती पहिलीच वेळ!

संध्याकाळी वाटी काढली आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. कागदावर बारीक रेघांचं एक अख्खं चक्र उमटलं होतं. मामंजी म्हणाले, "कोलम घातला गे हिणें!" कोलम म्हणजे तिकडची रांगोळी.

पण रंग? खिडकीपाशी धरला तर हिरवट वाटायचा, बल्बखाली करडा. मी कागद फिरवून फिरवून पाहिला. नवरा टूरवर. विचारायचं कुणाला? नाही म्हणावं तर म्हाताऱ्याची इतक्या दिवसांनी आलेली इच्छा मोडायची, आणि हो म्हणावं तर...

शेवटी म्हटलं, "मामंजी, मला हिरवट वाटतंय. पण खात्री नाही."

त्यांनी वाटी पुन्हा कागदावर पालथी घातली. मग हळूच म्हणाले, "मजही नाहीं. मी कधीं वेचलींच नाहींत गे. तीच आणायची. मी फक्त ताटांतलीं ओळखतों."

झोळीतली सगळी अळंबी परसात खड्डा करून पुरली. त्या रात्री रसम-भात.

पुढचा गडगडाट झाला तशी आम्ही ओरत्तनाडूची बस पकडली. सासूबाईंची धाकटी बहीण, चिन्नी मावशी, तिथे शेतावर राहायची. ती आम्हाला बांधावरच्या वारुळापाशी घेऊन गेली. अळंबी तिथेही पांढरीच, पण टोपीला मधोमध टोक.

मी उपटायला हात घातला तर मावशीनं मनगटच धरलं. "ओढूं नको. खण."

मामंजी लुंगीसारखी नेसलेली वेष्टी आवरून गुडघ्यांवर बसले आणि काठीनं माती उकरायला लागले. देठ संपेचना... मुळीसारखा बारीक होत खाली खाली, थेट वारुळाच्या पोटात गेलेला. मावशी म्हणाली, "हें मूळ वारुळांत गेलेलें डोळ्यांनीं बघायचें, मग टोपलींत. मूळ तुटलें, दिसलें नाहीं, तर टाकायचें."

मामंजींच्या हातातली दोन अळंबी अशीच तुटली. ती टाकून द्यायला त्यांचं मन होईना.

मावशी हसली. "अक्का तर अर्धी टोपली टाकायची भाऊजी. वाटेंत संशय आला तर वाटेंत टाकायची, चुलीपाशीं आला तर चुलीपाशीं."

"मज कधीं बोलली नाहीं ती!" मामंजी म्हणाले.

"काय बोलायची? तुम्ही जेवायला बसायचां."

दुपारी मावशीच्या चुलीवर कोळंबु झाला, छोटे कांदे आणि भरपूर मिरी घालून. मी जन्मात पहिल्यांदा अळंबी खाल्ली... मऊ, आणि चावताना किंचित करकर. मामंजी ताट पुसून जेवले. मग म्हणाले, "तिचें याहून बरें व्हायचें," आणि पुन्हा वाढून घेतलं.

परतीच्या बसमध्ये मातीनं माखलेले हात मांडीवर ठेवून ते बाहेर बघत बसले होते. मी सासूबाईंचा विचार करत होते. फोटोतल्या त्या बाईची ओळख मला त्या दिवशी झाली.

आपण निर्धास्त जेवून उठतो... कुणीतरी शंकेचं सगळं आधीच मुकाट टाकून दिलेलं असतं म्हणून. त्या सगळ्या हातांना नमस्कार.