सासूबाईंचं अकरा घरांचं गाव

जपानी रोल-प्लेइंग व्हिडिओ खेळांत नायकाचं पहिलं गाव जळतं. जळायलाच पाहिजे. गाव शाबूत राहिलं तर पोरगं घर सोडून जाईल कशाला आणि जग वाचवील कोण? हे मत मी गेली वीस वर्षं छातीठोकपणे मांडत आलोय. अ‍ॅनिमेतल्या (म्हणजे जपानी कार्टूनमधल्या) पात्रांबद्दलही माझी मतं अशीच पक्की. पांढऱ्या केसांचा, हळू बोलणारा देखणा माणूस दगा देणार. खलनायकाला लहानपण आठवायला लागलं की समजायचं, याचं आता भरलं. आणि वर्गात खिडकीजवळ शेवटच्या बाकावर बसणाऱ्या पोराला आईवडील नसणार म्हणजे नसणार.

अडचण एवढीच की हे ऐकून घ्यायला लातुरात कुणी नाही. मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, तिथं पोरांना श्वास घ्यायला फुरसत नसते. घरात बायकोनं लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी फर्मान काढलं होतं, "तुमचं जपान चपलांसोबत बाहेर काढत जा."

म्हणून सासूबाई गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला लोह्याकडच्या त्यांच्या खेड्यातून दोन महिन्यांसाठी आमच्याकडं आल्या, तेव्हा बाकीच्यांना पेशंट दिसला. मला हलता न येणारा श्रोता दिसला.

सासूबाईंना मी मामी म्हणतो. त्या मला पाव्हणं म्हणतात आणि माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत. जावयाला नाही म्हणायची त्यांच्याकडं रीत नाही, त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला. ऑपरेशननंतर आठव्या दिवशी टीव्हीला जोडलेल्या खेळाच्या मशीनचा रिमोट त्यांच्या हातात दिला आणि माझा सगळ्यात लाडका खेळ लावला. अकरा घरांचं गाव, तिथं वाट चुकून आलेला पोरका नायक, मागं मळा, कडेला नदी. खेळ इंग्रजीत, म्हणून कोण काय बोलतं ते मी मराठीत सांगायचो. वर माझं भाष्य फुकट.

"आता मुखियाकडं जायचं, मामी. तो विचारतो, तयार आहेस का? हो म्हटलं की गोष्ट सुरू होते. त्याच रात्री काळ्या चिलखतांची फौज येते आणि गाव जाळते. काय प्रसंग आहे म्हणून सांगू!"

मामींनी पडद्याकडं बघितलं. दारात एक म्हातारी सलगम निवडत बसली होती.

"ही पण मरती?"

"सगळेच. एक मासे धरणारा म्हातारा तेवढा निसटतो. पुढं चौथ्या शहरात भेटतो."

"आन् मुखियाशी बोललोच न्हाई तर?"

"तर गोष्ट पुढं जात नाही."

"न्हाई गेली तर न्हाई गेली. गोष्टीला काय घाई हाय?"

झालं. शेवट आधीच सांगून टाकायची माझी खोड मला अशी नडली. त्या दिवसापासून मामींनी मुखियाचं दार वर्ज्य केलं. सकाळी सलगमला पाणी, मग नदीवर एक मासा, तो मासा म्हातारीला, मग अकरा घरांची फेरी. प्रत्येकाला बोलायला दोनच वाक्यं. मामी रोज तीच ऐकायच्या आणि मान डोलवायच्या. मी मध्येमध्ये कथनशास्त्र समजावायचो. त्या म्हणायच्या, "हाव, हाव," आणि पुन्हा गळ टाकायच्या.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी पाय सरळ करून उचलायला सांगितला होता आणि मामी दुखतंय म्हणून टाळत होत्या. आता त्यांनी आपणहून नेम केला: एका घरापाशी थांबलं की दहा वेळा पाय. गावाची एक फेरी म्हणजे एकशे दहा. बाई खूश झाल्या. तिसऱ्या आठवड्यात मामी वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. त्याच दिवशी पडद्यावरच्या म्हातारीनं, बहुधा एवढे मासे खाऊन, वाक्य बदललं. एकच छोटी ओळ होती. मी सांगितलं, "जेवलास का बाळा, असं म्हणतेय." मामींनी ते बायकोला तीनदा ऐकवलं.

मग आली वेळा अमावास्या. येळवसेला लातुरात कुत्रंही सापडत नाही, अख्खं शहर शेतात. बायकोच्या भावाच्या गाडीत मामींना पुढच्या सीटवर पाय लांब करून बसवलं. मी म्हटलं, पोट बिघडलंय.

पोट ठणठणीत होतं. मला एकदा, फक्त एकदा, तो प्रसंग बघायचा होता. बघून, खेळ आपोआप नोंद, म्हणजे सेव्ह, करायच्या आत मशीन बंद करायचं, असा माझा डाव. या खेळात नोंदीला एकच जागा असते. केलेलं पुसता येत नाही, हेच याचं थोर धाडस, असा तीन पानी लेख मीच इंटरनेटवर टाकलेला आहे.

मुखियाला हो म्हटलं. कोपऱ्यात छोटं चक्र फिरून थांबलंसुद्धा. नोंद झाली होती.

पुढचा अर्धा तास ज्या प्रसंगाची मी लोकांना शिफारस करत आलो, तो मी रिमोट हातात धरून बघितला. सलगमचा मळा पेटला. म्हातारी दारातच होती. मरताना तिनं तेच विचारलं.

संध्याकाळी मंडळी आली. मामींनी डब्यात माझ्यासाठी आंबील आणली होती. "प्या, पाव्हणं. पोटाला थंड असती." मी प्यालो. पोट तेव्हा बिघडलं.

खरं सांगायचं तर जीभ रेटेना. बायकोला सांगू शकलो असतो, आईला सांगू शकलो असतो. सासूला कसं सांगणार, की तुमचं गाव मी जाळलं? मी म्हटलं, वायर गेलीय, दुरुस्तीला नेतो. आणि मशीन क्लासमध्ये नेलं. दोन बॅचच्या मधल्या वेळेत दार लावून प्रोजेक्टरवर नवा खेळ सुरू केला. खेळानं विचारलं, जुनी नोंद पुसली जाईल, चालेल का? चालेल म्हटलं. चार दिवस मी फळ्यावर सलगम लावले आणि मासे धरले. बाजूच्या वर्गातले केमिस्ट्रीचे सर माझ्या मेहनतीवर बेहद्द खूश होते.

इकडं घरी मामींनी पाय उचलणं बंद केलं होतं. "गाव आलं की करते." बाई बायकोला बाजूला घेऊन सांगून गेल्या, असंच चाललं तर गुडघा आखडेल.

पाचव्या दिवशी गाव आणलं. मळा तसाच, नदी तशीच. मामी हरखल्या. पाय सरळ केला, मासा धरला आणि म्हातारीच्या दारात गेल्या.

म्हातारी बोलली. मामी पडद्याकडं बघत राहिल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण वाक्य केवढं असतं ते ठाऊक होतं. ह्या दोन ओळी होत्या.

"काय म्हणली?"

मी सांगितलं, "तू कोण? वाट चुकलास का?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मामींनी पदर सारखा केला.

"ही मला ओळखून न्हाई राहिली, पाव्हणं. जळालं का?"

"हो."

"येळवसेला?"

"हो."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "तो मासेवाला तर निसटला आसंल की. त्या चौथ्या शहरात न्या मला."

आता मला उठून पळावंसं वाटलं. "तो... त्या गावाबरोबर पुसला गेला, मामी. त्याला भेटायचं तर हे गाव पुन्हा..."

वाक्य पुरं करायची गरज पडली नाही. वीस वर्षांची मतं माझ्याजवळ होती, त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

मामींनी रिमोट माझ्या हातात दिला. "धरा. मासे तुमी धरा, फिरा बी तुमीच. मी पाय उचलते."

मी निघालो. म्हातारीला मासा दिला. सवयीनं बोट पुढच्या दाराकडं वळलं.

"आवो, थांबा की!" मामी ओरडल्या. दात आवळून, पाय हवेत धरून. "चारच झालेत आजून."